वीज काढलेलं पाणी

पौषाच्या मध्यावर पाटाला पहिल्यांदा पाणी सुटलं आणि त्याच दिवशी सकाळी आमच्या वाडीत भांडण पेटलं.

"कोन फळी उचलतंय ते बगतंयच मी!" मोरू मोरीच्या तोंडावर दोन्ही पाय फाकून उभा होता. मोरी म्हणजे पाटाच्या भिंतीत बसवलेला सिमेंटचा नळ, त्याच्यापुढं लोखंडी फळी. फळी वर ओढली की पाणी भाताच्या खाचरात. "विजेचं पानी हाय ह्ये. खाचरात पाय घातलास तर करंट लागून आडवा व्हशील."

"अरं, काल तर म्हनत व्हतास, भिऱ्याच्या वीजघरात त्यातली वीज काढून घेतात म्हून," पाटकरी कमळाकर म्हणाला. पाटाच्या पाण्यावर देखरेख करायला सरकारनं नेमलेला माणूस तो, पेणचा. "वीज काढून घेतली, तर करंट कशाचा लागंल?"

मोरू अडखळला. "थोडी उरत असंल."

सगळे हसले. हैबतराव तेवढे हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते पाण्याकडं बघत होते. मग सावकाश म्हणाले, "उरली का नाय ते मला ठावं नाय. पन दुधातनं लोनी काढलं का खाली ताक ऱ्हातं. ह्या पान्यातलं लोनी वरच काढून घेतलंय. ताकावर भात पिकत नाय. आपलं भातामागं वाल, ह्येच बरं."

झालं. हैबतराव बोलले म्हटल्यावर कमळाकरसुद्धा फळीपासून मागं सरला. त्या पाटाच्या बाबतीत हैबतरावांपुढं तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. त्यांचा पोरगा रघू त्या पाटातच गेला होता.

मी शांती. हैबतरावांच्या परसाला लागून माझं घर. मधे नुसतं निवडुंगाचं कुंपण, तेव्हा त्यांच्या घरात भांडं पडलं तरी मला कळायचं. साल नक्की सांगता यायचं नाही, पण रोह्याकडं कारखान्यांच्या चिमण्या अजून उठल्या नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. आदल्या वैशाखात आमच्या शिवारातून पाट खणत होते. रघू रोजावर जायचा. वळवाची एक सर येऊन गेली, वर टाकलेली माती भिजून जड झाली आणि दुपारी तो ढीग सरकला. खाली चौघं होते. तिघं निघाले. रघूला काढेपर्यंत उशीर झाला होता.

त्याची बायको सगुणा धरमतरच्या खाडीकडची, मिठागरात राबणाऱ्या आगऱ्यांची लेक. लग्नाला तीन वर्षं झालेली, पोरबाळ नाही. नवरा गेल्यावर ती रडली नाही. पहिले चार दिवस बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल. मग म्हणाल्या, दगडाची हाय. ती दगडाची नव्हती, पण जिवंत असल्यासारखीही नव्हती. सांगितलेलं काम करायची. ताट पुढं केलं तर जेवायची, नाही केलं तर तशीच बसायची. आमटीत मीठ नाही हे सासऱ्यानं सांगायला लागायचं, आणि ही मिठागरातली पोर! तिची सासू धोंडुबाई मला म्हणायची, "शांते, पोरगा गेला त्ये गेलाच, पन ही बी त्याच्यासंगं गेली गो. नुसतं हातपाय मागं ऱ्हायलंत."

त्या वर्षी त्यांच्या खाचरात वालही पडला नाही. पेरणार कोण? हैबतरावांचा गुडघा सुजलेला, रघू नाही. घरातलं भात जेमतेम चैत्रापर्यंत पुरेल एवढं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी हैबतरावांनी जेवताना सांगून टाकलं, "होळी झाली का सगुणाला बापाकडं पोचवतो. तिघांचं पोट इथं भरायचं नाय. तिचं वय काय, हितं आमच्यासंगं कुजून काय करील?"

धोंडुबाई रडायला लागली. सगुणा म्हणाली, "बरं." एवढंच. दुखलं म्हणून नाही, राग आला म्हणूनही नाही. पाणी तापलं का विचारल्यावर म्हणावं तसं.

कमळाकर काही हटणारा गडी नव्हता. त्याच्या पोटात खरंच तळमळ होती, कारण पाटाचं पाणी आमच्या वाडीला वळसा घालून खाली ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत जात होतं. दोन दिवसांनी तो पाणी मागायच्या अर्जाचा कागद घेऊन हैबतरावांच्या ओटीवर आला. मी सूप मागायला म्हणून गेले होते, ती तिथंच बसले. सगुणा पडवीत भात कांडत होती.

"दादा, माझं ऐका," कमळाकर म्हणाला. "शाळेच्या पुस्तकात लिवलंय, शक्ती कधी नाहीशी होत नाय, रूप बदलते. घाटावरचं पानी नळातनं खाली येतं, त्याच्या जोरावर चाक फिरतं, चाकातनं वीज. पानी तेच ऱ्हातं."

"पुस्तक लिवनाऱ्यानं भात लावलंय का कदी?" हैबतराव म्हणाले. "चाक फिरवलं म्हंजे त्यानं काय तरी दिलं का नाय? दिलं तर कमी झालं. बैल दिसभर घान्याला जुपला आन् मग त्यालाच नांगराला लावला, तर चालंल का?"

कमळाकरनं अर्जाचा कागद त्यांच्या हातात दिला. खरं सांगायचं तर मलाही हैबतरावांचंच पटत होतं.

पडवीतला धप्प धप्प आवाज थांबला. सगुणा मुसळ हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, मुसळ झिजला काय?"

आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो. आठ महिन्यांत तिनं आपणहून काढलेला हा पहिला शब्द.

"काय म्हनतेस?"

"तांदूल फुटतो तो मुसळानं. पन मुसळ हाय तेवराच हाय." आवाजात चढउतार काही नव्हता, भिंतीशी बोलावं तसं बोलत होती. "दम जातो तो माझा. मी वर उचलतंय, म्हून तो खाली जोरान येतो. पान्याचा पन तसाच आसंल. उंचावरशी परलं, त्यान चाक फिरलं. पानी काय कमी झालं नाय."

"आन् पान्याला घाटावर कोन उचलून नेतं? तुजा बाप?"

"ऊन नेतं." ती म्हणाली. "आमचे मिठागरान खाडीचं पानी कोंडतांव. ऊन पानी वर नेतं न् मीठ खाली ठेवतं. घागरी घागरी पानी जातं, कोनाला दिसत नाय. तेच मंग पावसान घाटावर परतं. गोरं होऊन." गोरं म्हणजे गोडं. खाडीकडच्या बोलीत बऱ्याचदा ड चा र होतो.

कमळाकर मांडीवर थाप मारून म्हणाला, "ह्येच, ह्येच मी सांगत व्हतो!"

"तू नाय सांगितलंस," हैबतराव म्हणाले आणि कागद तसाच परत केला. सगुणा पुन्हा कांडायला लागली.

मला वाटलं, विषय मिटला. पण दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर बघते, तर सगुणा फावडं खांद्यावर टाकून पाटाकडं चाललेली. मी हातातलं काम टाकून मागं गेले. मोरूही त्याच्या वालाच्या शेतातून बघत होता. "ए वयनी! माज्या वालात पानी शिरलं तर वाल कुजंल, सांगून ठेवतो!" तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. आधी मोरूच्या बांधाच्या कडेनं चर खणला, हातभर खोल, पाणी तिकडं जाऊ नये म्हणून. दुपार झाली तो चर पुरा व्हायला. मग मोरीशी आली आणि लोखंडी फळी वर ओढली. फळी गंजून बसलेली. दोन हिसक्यांत काही हलेना. तिसऱ्यांदा ती मागं रेलली, सगळं अंग टाकून, तेव्हा फळी करकरत वर आली.

पाणी खाचरात शिरलं. भेगाळलेल्या मातीत आधी ते दिसेनाच. भेगा पाणी पीत होत्या, बुडबुडे येत होते आणि तापल्या मातीचा वास सुटला होता.

हैबतराव लंगडत कधी आले ते मला कळलं नाही. मला वाटलं, आता काठी घालतात पाठीत. पण ते बांधावर बसले. काठीचं टोक पाण्यात बुडवलं. मग म्हणाले, "मुसळाचा दम तुजा, म्हनलीस."

"व्हय."

"पुस्तकात म्हनं शक्ती नाहीशी होत नाय." "मग माज्या रघूची कुटं गेली गो? बैलासारका राबायचा. ती कुटं गेली?"

सगुणानं फावड्यानं पाटाच्या भिंतीकडं दाखवलं. माणूसभर उंच मातीची भिंत, तिच्यावर नुकतं हिरवं गवत आलेलं.

"ही माती खाली व्हती. त्यांनी उचलून वर टाकली. आजून वरच हाय." फावडं खाली टेकवून ती म्हणाली, "ती वर हाय म्हून पानी आपले खाचरान उतरतं. नायतर गेलं आसतं तिकरच, ओढ्यान."

हैबतरावांनी भिंतीकडं बघितलं. उठले, आणि जाताना त्या भिंतीवर हात टेकून गेले. काठी हातात असताना.

राब म्हणजे रोपांचा वाफा पेरला, रोप आलं, लावणी आम्ही दोघींनी केली. माघाच्या थंडीत गुडघाभर चिखलात लावणी करायची म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक. माझी बोटं वाकायची नाहीत. सगुणा मात्र एका लयीत रोपं खोचत जायची. दमलीस का, गार लागतंय का विचारलं तर म्हणायची, "काय म्हायत." होळी आली आणि गेली, पण बापाकडं पोचवायचं कुणी बोललं नाही.

सगळी वाडी त्या एका खाचराकडं डोळे लावून होती. चैत्रात चहूकडं शिवार करपून तांबडं पडलेलं आणि मधे तो एक हिरवा तुकडा. मोरू रोज बांधावरून एक चक्कर मारायचा. "पाला नुसता! दाना भरायचा नाय. फोल निगंल, फोल." लोंब्या आल्या तेव्हा म्हणाला, "लोंबी काय, लोंबी गवताला बी येती." दाणा भरला तेव्हा म्हणाला, "भात व्हईल, पन त्यात जीव नसंल. खाऊन पोट भरायचं नाय."

वैशाखात कापणी झाली. झोडणीला मोरूच आला आपणहून. भात चांगलं उतरलं, पावसाळ्यातल्या पिकाला मागं टाकील असं. धोंडुबाईनं पहिला भात रांधला आणि मोरूलाही पंगतीला बसवलं. तो तीनदा वाढून घेऊन जेवला.

"भरलं का रे पोट?" हैबतरावांनी विचारलं.

मोरूनं ढेकर दिली. "वाइच कमी पडतंय."

"वाढ गो त्याला आनखी," हैबतराव म्हणाले. रघू गेल्यावर त्या घरात कुणी पहिल्यांदा हसलं ते तेव्हा. सगुणा वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण आत जाऊन तिनं स्वतःसाठी ताट घेतलं. कुणी सांगायच्या आत.

पुढच्या पौषात पाटाला पाणी सुटलं तेव्हा मोरीवर जत्रा लोटली. करंट नाही, ताक नाही, सगळे फावडी घेऊन हजर! अर्जाचे कागद कमळाकरला पुरेनात. पाळ्या लावायची वेळ आली तशी ओरडाआरड सुरू झाली. पहिला कोण? ज्याचं खाचर मोरीला लागून तो का ज्याचं खटलं मोठं तो? मोरू सगळ्यात पुढं. "माजा बांद लागून हाय! पयली पाळी माजी. मग हिरामनची, मग काळुरामची. बाईमानसाचं काय, पाठीमागनं घेईल. तिला कुटं घाई हाय?"

सगुणा बाजूला फावड्यावर हनुवटी टेकून उभी होती. तिनं तक्रार केली नाही. मला राग आला, मी म्हणाले, "अगो, बोल की!" ती म्हणाली, "पानी संपनार नाय. आज ना उद्या येल." आणि खाली बसली. गेल्या वर्षी जिनं गंजलेली फळी उपसली तिची पाळी सगळ्यांत शेवटी, असं कमळाकर कागदावर लिहायला लागला. माणसाची जात ही अशी.

तेवढ्यात हैबतराव गर्दीत घुसले. गुडघा तसाच सुजलेला. सरळ गेले आणि मोरीच्या फळीवर बसले. अक्षरशः बूड टेकलं.

"दादा, उठा की. पाळी लावतोय आमी," मोरू म्हणाला.

"लाव. पयली पाळी सगुणाची ठरली का मी उठतो. मग तुमी काय ते मारामाऱ्या करा."

"आवो, पन..."

"मोऱ्या, मला उचलून बाजूला ठेव. हाय दम?"

मोरूनं त्यांच्याकडं बघितलं, मग पाटाच्या भिंतीकडं बघितलं. काय मनात आलं कुणास ठाऊक. फावडं खाली टाकलं आणि म्हणाला, "घे गो वयनी. तू घे आदी."

हैबतराव उठले, मोरूनं स्वतः फळी वर ओढली. सगुणा खाचरात उतरली. पाणी धावत आलं आणि तिच्या पायांवरून पुढं गेलं. ती थांबली. फावडं तसंच हातात, मान खाली. खूप वेळ ती हलेना. मी बांधावरून ओरडले, "काय झालं गो?"

तिनं वर बघितलं. डोळे भरून आले होते. "शांतेबाय," ती म्हणाली, "पानी लय गार हाय."