कोटावरचा विलाप

तुम्ही एका मेलेल्या पोराचं नाव कापून टाकलंत. अथेन्सला तुमच्या ध्वनिसंग्रहालयात, संगमरवरी जिन्याच्या वर बसून, थंड डोक्याने कापलंत. आणि वर डिस्कच्या वेष्टनावर छापलंत, 'राष्ट्राचा ठेवा'.

ठेवा आमचा होता. झीसिस आणि मी, दोघांनी यानिना शहरात त्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानामागे 'कुडूनी' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. कुडूनी म्हणजे शेळीच्या गळ्यातली घंटा. मोठ्या कंपन्यांना आमच्या डोंगरातली गाणी नको होती, म्हणून आम्ही टेपरेकॉर्डर खेचरावर बांधून गावोगाव फिरलो. लग्नातली क्लॅरिनेट टेपवर घेतली, मेंढपाळांच्या बासऱ्या घेतल्या. आणि विलाप घेतले.

विलाप कुणी सहज गात नाही. आधी मेलेल्याला नावाने हाक मारायची, आणि मग दर कडव्याला तीच हाक. बिननावाचा विलाप सोबत न्यायला जिवंत माणूस शोधत फिरतो, असं आमच्या बायका मानतात. मीही मानतो. हसायचं तर हसा.

आलेक्सोमावशीचा एकुलता एक मिनास जर्मनीत भट्टीवर कामाला गेला, तिथेच मेला, तिथेच पुरला. मावशीने प्रेताच्या जागी त्याचा कोट जमिनीवर पसरला, बाह्या छातीवर दुमडल्या आणि आम्हाला बोलावणं धाडलं.

"यंत्र जवळ आण रे झीसिस. कोटाला कान नसतात."

"मावशी, मध्ये फार थांबू नकोस हं. टेप थोडीच उरलीय."

"तुझी आई मेली की तू रड टेप मोजून, मेल्या!"

झीसिसने यंत्र पुढे सरकवलं. मावशीने "मिनास!" अशी पहिली हाक मारली तसा यंत्राचा काटा लाल पट्टीत गेला, आवाज फाटला. मी बटणाकडे हात नेला. झीसिसने माझं मनगट धरलं. "फाटू दे," एवढंच म्हणाला.

ती टेप आम्ही विकली नाही. मावशीने नक्कलही काढू दिली नाही. "एकच पोरगा, एकच टेप." दरवर्षी मृतांच्या शनिवारी, चर्चमध्ये उकडलेले गहू वाटून झाले की झीसिस यंत्र आणि ती टेप घेऊन तिच्याकडे जायचा. ती कोट पसरायची आणि ऐकायची.

झीसिस वारला. त्याचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत तुमची गाडी दारात. ओलीने टेपा खराब होतील, जतन करून परत देऊ, असं त्याच्या बायकोला सांगितलंत. सगळी 'कुडूनी' खोक्यांत भरून नेलीत, त्यात मावशीची टेपही.

परवा तुमची डिस्क आली. गावच्या कॉफीच्या दुकानात लावली. मावशीचाच आवाज, पण घासलेल्या ताटासारखा स्वच्छ. दुसऱ्या कडव्याला दुकानदाराची बायको स्तामो किंचाळली, "बंद कर ते! नाव कुठंय त्यात?" आणि तिने वायरच उपटली.

मावशी दुकानाच्या दाराशीच खुर्चीत बसली होती.

"स्तेर्यो, मी त्याला हाकच मारली नव्हती का रे?"

"मारली होतीस, मावशी. त्यांनी कापली."

"का? त्यांचं काय घोडं मारलं होतं माझ्या पोराने?"

मी तुम्हाला फोन केला. तुमच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आवाज फाटलेले भाग काढलेत. तो दोष होता." बाई, आईचा गळा फाटला, त्याला तुम्ही दोष म्हणता? मूळ टेप कुठाय विचारलं, तर म्हणे चौकशी करावी लागेल.

मावशी त्या दिवसापासून अंथरुणाला खिळलीय. पाद्री येऊन गेला. उशाशी कोट आहे. माझं पाऊल दारात वाजलं की ती विचारते, "आणलीस?" आणि कालपासून आणखी एक विचारते, "तो विलाप आता कुणाला शोधत फिरतोय रे?"

मला माफीचं पत्र नको, वेष्टनावर माझं नाव नको. टेप आहे की पुसलीत? असेल तर मी आज बसने निघतो, घेऊन येतो. नसेल तर तुमच्यातल्या एकाने इथे यायचं आणि हे तिच्या तोंडावर सांगायचं. कोण येतंय? बोला, तिला ऐकू येतंय तोवर बोला.