सिग्नल गेल्याची आरोळी

“अजून थोडं बसऱ्याकडे फिरव! आलं, आलं... अरे, गेलं! हात काढू नकोस म्हटलं ना!”

पन्नास वर्षं लोटली, तरी अँटेना हा शब्द ऐकला की शमलानच्या कानात आईचा हा आवाज उतरे. तो गच्चीवर लोखंडी दांडा धरून उभा, आई खाली अंगणात टीव्हीपुढे. बसरा केंद्राचं चित्र गेलं की दोष त्याच्या हाताचा. आईशी वाद नाही.

आत्ता ‘अँटेना’ म्हणाला तो सबरी. इजिप्तमधल्या दमियेत्ताहून कुवेतला आलेला, हवल्लीच्या गल्लीत वीस वर्षं मॉडेल विमानांचं दुकान चालवणारा. काउंटरवर शमलानचं नवंकोरं जेट पोट उघडून निजलं होतं. लांबीला माणसाएवढं, रंगाने समुद्रासारखं.

“बू नासर, या खेपेला एकावर भिस्त नाही,” सबरी म्हणाला. शमलान नासरचा बाप, म्हणून सगळे त्याला अशीच हाक मारत. “सिग्नल पकडायला दोन रिसीव्हर. एक नाकाशी, एक शेपटीत. दोघांना वेगळी बॅटरी. विमानाचं कार्बनचं अंग लहरी गिळतं, म्हणून अँटेना सगळ्या बाहेरच्या अंगाला. एकाला ऐकू आलं नाही, तर दुसरा ऐकेल.”

शमलानने मान हलवली. सगळं औषध कानाचं होतं, आणि दुखणं डोळ्यांचं.

“गेल्या वर्षी एकाच रिसीव्हरने तंबू जाळला,” शेजारी चहा भुरकत बसलेला दुऐज म्हणाला. शमलानचा हा शाळेपासूनचा दोस्त. “आता दोघं मिळून अख्खा तळ पेटवतील काय रे, सबरी?”

सबरी हसला नाही. त्याने चिमट्याने एक तार उचलली आणि परत होती तिथे ठेवली.

गेल्या हिवाळ्यातली ती दुपार. आभाळ धुळीने दुधाळ झालेलं. धावपट्टीच्या टोकाला जेट वळलं आणि शमलानच्या डोळ्यांत नुसती काळी काडी उरली. येतंय की जातंय? त्याने हातातल्या ट्रान्समीटरची काठी ओढली, ती उलटी ओढली. जेट खाली सुटलं ते थेट वाळवंटात हिवाळी मुक्कामाला आलेल्या एका कुटुंबाच्या तंबूवर. बायका-मुलं नुकतीच बाहेर शेकोटीशी जाऊन बसली होती, म्हणून वाचली. गालिचे जळाले, उशा जळाल्या.

आणि शमलान ओरडला होता, “सिग्नल गेला!”

त्या मैदानावर ही आरोळी उठली की सगळे आपापली विमानं उतरवतात. ओरडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. विचारायची रीतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी महिनाभर आधीच सांगितलं होतं, नजर कडेकडेने विझत चाललीय. ते विमानं उडवणाऱ्यांच्या मंडळाला कळलं असतं तर हातातला ट्रान्समीटर त्याच दिवशी गेला असता. त्याऐवजी मंडळाने ठराव केला, की सबरीच्या हातचा रिसीव्हर बसवलेलं विमान इथे उडणार नाही. दुकान ओस पडलं. नव्या विमानासाठी ‘एकदा त्याला संधी द्या’ असा शब्द शमलाननेच टाकला होता. तेवढ्याने मन हलकं होईल, असं त्याला वाटलं होतं.

“वर्षभर दर शुक्रवारी पहाटे वाळवंटात जातो,” सबरी खाली मान घालून म्हणाला. “त्याच जातीचा रिसीव्हर खुर्चीवर ठेवतो आणि ट्रान्समीटर घेऊन चालत सुटतो. खुर्ची दिसेनाशी होते, तरी सिग्नल तुटत नाही. मग तुमचाच कसा तुटला? बू नासर, तुमच्या ट्रान्समीटरमधलं ते कार्ड सापडलं का? त्यात क्षणाक्षणाची नोंद असते. मला भांडायचं नाही. माझा हात कुठे चुकला, एवढं कळलं तरी पुरे.”

“हरवलं,” शमलान म्हणाला.

“चुकला तर चुकला, बाबा,” दुऐज म्हणाला. “या शुक्रवारी चुकू नको म्हणजे झालं. पोरंबाळं घेऊन सगळे येतायत बघायला. माझे नातू तर पहिल्या रांगेत!”

“माझं हे शेवटचंच,” सबरी म्हणाला. “मग दुकान भाच्याला. तो मोबाईल दुरुस्त करील.” तो जेटच्या शेपटीकडे वाकला. “बू नासर, नाकाशी बघा जरा. रिसीव्हरचा दिवा लागला की सांगा.”

शमलान वाकला. काळोख्या पोटात त्याला कुठे काही चमकलंसं वाटलं, कुठे नाहीसं वाटलं. फार वेळ गप्प राहणं बरं दिसणार नव्हतं.

“लागला,” तो म्हणाला. “हिरवा.”

सबरी सरळ झाला. बॅटरीची तार त्याच्या बोटांतच होती.

“अजून जोडलीच नाही, बू नासर.”

दुऐज खो खो हसला. “अरे म्हाताऱ्या! लग्नातही असाच घाई करत होतास!”

“नाही, नाही,” सबरी लगबगीने म्हणाला. “बाहेरच्या पाटीचा उजेड पडला असेल आत. मलाही होतं कधी कधी तसं.”

दुकानाला बाहेर पाटी उरली नव्हती. रमजानातच उतरवली होती. ते तिघांनाही ठाऊक होतं. शमलानने जेटच्या गार अंगावर तळवा टेकला. हा माणूस अजून त्यालाच सावरून घेत होता.

“दुऐज, हसणं थांबव आणि ऐक. तुलाही ऐकायचंय,” तो म्हणाला. “सबरी, कार्ड माझ्या घरात आहे. पहिल्या दिवसापासून. मी बघितलंय ते. सिग्नल एकदाही तुटला नव्हता. विमान येतंय की जातंय तेच मला कळलं नाही. मला दिसत नाही रे.”