कारण काय लिहू?

आमच्या पाळणाघरात संध्याकाळी मूल सोपवायची ठरलेली पद्धत आहे. न्यायला येणाऱ्याने फोटोचं कार्ड दाखवायचं, मी ते वहीतल्या फोटोशी ताडून बघायचं, सही घ्यायची आणि मग दाराची कडी काढायची. वहीत शेवटचा रकाना आहे, 'मूल सोपवलं नसल्यास कारण'. अकरा वर्षांत तो मी एकदाच भरला.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका मुलाचे आजोबा आले होते. गालावर भाजल्याचा व्रण, एक डोळा अर्धा मिटलेला, आवाज घोगरा. कार्ड अगदी बरोबर होतं, पण माझं मन धजेना. 'ओळख पटत नाही' असं लिहून मी त्यांना पाऊण तास दाराबाहेर उभं केलं. आतून नातू "आजोबा, आजोबा" करत दारावर थापा मारत होता, तरी. शेवटी मुलाची आई धावत आली. आजोबा तिला म्हणाले, "असू दे गं. माझं तोंडच तसं आहे."

सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा माझा जुना नेम. त्या दिवसापासून त्यात एका नेमाची भर घातली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. आजवर तो मोडलेला नाही.

आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी आहे. मांडीवर घेतलं की समोरच्याचं बटण चिमटीत धरून बोलत बसते, म्हणून तिला सगळे बटणच म्हणतात. वडील जहाजावर, वर्षातून दोनदा येणारे. आई कारखान्यात. आई न्यायला आली की बटणची कोण गडबड! एक चप्पल सापडत नाही, चित्र अर्धं राहिलंय, "थांब ना, माझं संपलं नाही!"

मागच्या सोमवारी आईची शिफ्ट बदलली आणि न्यायला काका आला. वडिलांचा चुलत भाऊ. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. "मावशी, आम्हाला एक पोर आवरत नाही, तुम्ही बावीस सांभाळता. तुम्हाला तर सैन्यात घ्यायला हवं!" तिथल्या सगळ्या मदतनीस हसल्या. मीही हसले. कार्ड बरोबर, सही बरोबर.

बटणने हातातला खडू पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं, आणि काकाने मागायच्या आधीच हात पुढे केला. सुई टोचून घ्यायला मूल हात पुढे करतं ना, तसा. मान वळवून.

माझं मन धजेना. तसंच, गेल्या वर्षीसारखं.

कडीवर हात ठेवून मी तशीच उभी. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई जवळ आल्या. "काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. बटण गप्प आहे."

"मग आनंद माना! एरवी हिच्या बडबडीने डोकं उठतं म्हणून तुम्हीच कुरकुरता."

"तिच्या आईला फोन करू?"

"करा की. आणि नाही सोपवायचं तर वहीत कारण लिहा. पण या वेळी धड लिहा, बाई."

फोनवर आईच्या मागे यंत्रांचा आवाज होता. "अहो मावशी, मीच पाठवलंय. कार्डसुद्धा मीच काढून दिलं."

मी खाली वाकून बटणला विचारलं, "काकाबरोबर जायचंय ना?" "हो," ती लगेच म्हणाली. माणूस नवा आहे, पोर दमलेली आहे, आणि मी एकदा साफ चुकले आहे. यातलं एकही खोटं नव्हतं. मी कडी काढली.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलताना मी तिला नीट पाहिलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. जेवली, खेळली, एकाला चावलीसुद्धा. मला माझ्याच मनाची लाज वाटली. आणि सव्वापाच वाजता ती आपली आपण उठली, चपला घातल्या, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसली. मोठ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, काकाने दोन दिवसांत कशी शिस्त लावली!"

गुरुवारी सकाळी मी आईला दाराशी थांबवलं.

"बटण काकाबरोबर जाताना वेगळीच वागते हो."

तिचा चेहरा उतरला. "काय पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं काही नाही."

"ती काही बोलली?"

"विचारलं मी. काका छान आहे म्हणाली."

"मग?"

"हात पुढे करते. त्याने मागायच्या आधीच."

"मावशी, त्या आजोबांचं मला ठाऊक आहे. इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे." टोमणा नव्हता त्यात. मग माझा हात धरून म्हणाली, "मला दुसरं कुणी नाही. पण तुम्ही एकदा तोंडाने म्हणा, 'त्याच्याकडे देऊ नकोस.' आज नोकरी सोडते मी. म्हणा."

शब्द ओठांपर्यंत आले होते. डोळ्यांसमोर ते दाराबाहेर उभे आजोबा आले. माझा नेम आठवला. आणि त्याचबरोबर बटणची वळवलेली मानही.

"न पाहता असं कसं म्हणू मी?" मी म्हणाले.

मी अजून काही बोलेन असं तिला वाटत असावं. मग "मी तरी काय करू?" म्हणाली आणि बस चुकेल म्हणून धावत गेली.

संध्याकाळी मी पेन त्या रकान्यावर टेकवलं. काय लिहू? मुलगी फार शहाण्यासारखी वागते? शाई कागदात उतरून नुसता ठिपका पडला. काकाने कार्ड पुढे धरलं होतं. "मावशी, आज बऱ्या आहात ना?" त्याने विचारलं. अगदी मायेने.

बटणने माझा पदर ओढला.

"मावशी, कडी काढ ना. काका थांबलाय."