जागा आहे, शिष्यवृत्ती नाही

एकोणीसशे एकोणसाठ साली शकू अलिबागच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होती. दिघीच्या कोळीवाड्यातून मुंबईला जाऊन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच मुलगी. पुढे पीएच.डी. करायचं तिच्या मनात होतं, तीही माशांवरच. पण घरी हात पसरायचा नव्हता. म्हणून मधल्या सुट्टीत ती शाळेत येणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचायची. फी माफ असलेल्या जागा बऱ्याच दिसत. फी, दरमहा खर्च आणि जहाजाचं तिकीट, असं सगळं देणारी जागा क्वचितच.

अशा चार जागा तिने शोधल्या. अर्ज टाइप करायला ती कोर्टाबाहेर बसणाऱ्या सदाकडे गेली. सदाचा हात जन्मभर दाव्यांवर बसलेला. पहिल्याच अर्जाच्या शेवटी त्याने आपल्या मनाने, 'अर्जदार न्यायाची याचना करते' असं इंग्रजीत ठोकून दिलं.

"सदाभाऊ, हे काढा. मी कुणावर फिर्याद नाही केलेली."

"असू द्या की बाई. साहेबलोकांवर वजन पडतं."

शकूने ते पान परत टाइप करून घेतलं.

तीन ठिकाणांहून नकार आले. फेब्रुवारीत चौथं पत्र आलं, नॉर्वेहून. प्राध्यापकांनी लिहिलं होतं: जागा आहे, फीही माफ होईल, पण पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती देता येत नाही. एक वर्षाची सोय तुम्ही केलीत, तर पुढचं बघता येईल.

रविवारी घरी गेल्यावर तिने ही गोष्ट हसत हसत सांगितली. आई, नीराबाई, सुकटीतला कचरा निवडत होती. वडील शिवदास जाळं शिवत होते. त्यांनी सुई खाली ठेवली.

"येक वर्साचाच सवाल हाय न्हवं? होडी इकतो."

"बा, असं काही बोलू नका. होडीवर सहा माणसं जेवतात."

"मी दुसऱ्याच्या होडीवर जाईन. हात धड हायत माजे."

शकूला वाटलं, रागाने बोलले, विसरतील. पण पुढच्या खेपेला आईने तिला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, "आगरदांड्याच्या धर्माजीला सबूद दिलाय त्यांनी. पाडव्याला येनार हाय तो होडी न्यायला."

शकू वडिलांपाशी रडली, भांडली. शिवदासांनी एवढंच म्हटलं, "तू शिक. बाकी माज्यावर सोड."

अलिबागला परतल्यावर तिने प्राध्यापकांना पत्र लिहिलं. सदाकडे न जाता, स्वतःच्या हाताने. आपण येऊ शकत नाही, हे तिने सरळ कळवलं. आपल्यासाठी वडील होडी विकायला निघालेत, आणि त्या किमतीत मिळालेली पदवी आपल्याला नको, हेही लिहिलं. सोबत एक तक्ता जोडला. गेली चार वर्षं ती दर सुट्टीत आईबरोबर बोंबील चिरायला बसे आणि कुठल्या महिन्यात किती बोंबलांत गाबोळी, म्हणजे अंडी, सापडते, याची नोंद ठेवी. 'हे तुमच्या कामाला आलं तर घ्या,' असं लिहून तिने पाकीट पोस्टात टाकलं. घरी तसं कळवलं, तर वडिलांचा निरोप आला: सबूद तो सबूद.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या शिपायाने वर्गात येऊन परदेशी तिकिटांचं पाकीट तिच्या हातात दिलं. शकूने ते उभ्याउभ्याच फोडलं. तक्ता प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्यांना दाखवला होता. असा अभ्यास कोकणच्या किनाऱ्यावरून त्यांच्याकडे कधीच आला नव्हता. सहकाऱ्यांकडे तीन वर्षांची एक जागा होती, पूर्ण खर्चाची, आणि ती त्यांनी शकूला देऊ केली होती. तिने पत्र दोनदा वाचलं. मग मुलींना धडा उतरवून घ्यायला सांगून ती खुर्चीत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून, आगरदांड्याहून खाडी ओलांडून ती दिघीला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. किनाऱ्यावर धर्माजी होडीभोवती फिरून फळ्या ठोकून बघत होता. शिवदास बाजूला पाठ करून उभे होते.

"बा! होडी देऊ नका. सगळं मिळालं!"

शिवदास वळले. "समदं म्हंजे?"

"फी."

"ती आधीबी व्हती. आन् खायाप्यायाचं?"

"दरमहा देणार."

"ऱ्हायाचं?"

"तेही."

"जहाजाचं तिकीट?"

"जायचं आणि यायचं, दोन्ही."

"तीन वर्सं?"

"तीन वर्षं, बा. लिहून दिलंय."

शिवदासांनी पत्र हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी खालच्या सहीवरून अंगठा फिरवला. मग ते तिथेच वाळूत बसले आणि उपरणं तोंडाला लावलं.

धर्माजीने फळीवरचा हात काढला. मग म्हणाला, "शिवदास, सबूद मीच सोडला. लेकीसाठी इकलेली होडी चालवायला मला तरी कुठं बरं वाटत व्हतं?"

नीराबाईने धर्माजीलाही जेवायला थांबवून घेतलं. वाढता वाढता तिने विचारलं, "तिथं थंडी लई असंल ना गं?"

"बर्फ पडतो, आये."

"मंग दोन गोधड्या घिऊन जा," ती म्हणाली, आणि कुठली जुनी लुगडी उसवायची याचा विचार करत आत गेली.

जेवण झाल्यावर शकू चटईवर आडवी झाली, ती दिवेलागणीलाच उठली. कित्येक महिन्यांत तिला अशी झोप लागली नव्हती.