फेरतपासणीचे अठ्ठावन्न तास

त्या मंगळवारी समताला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. मेहकरच्या बस स्टँडमागे पहिल्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. घरांचे, दुकानांचे नकाशे काढायचे, खर्चाचं एस्टिमेट करायचं आणि बांधकाम सुरू झालं की साइटवर जाऊन देखरेख करायची, असं तिचं काम. ती खिडकीपाशी जायची, परत येऊन खुर्चीत बसायची, पेन उचलायची, ठेवायची. समोरच्या टेबलावर करिष्मा बेरीज करत होती. करिष्मा तीन वर्षांपासून तिच्याकडे नकाशे काढायला होती. ऑफिसात या दोघीच.

"ताई, चारशे बारा," करिष्मा म्हणाली.

"परत कर."

"दोनदा केली. चारशे बाराच येऊन राह्यले."

हे तास होते. मागच्या वर्षी कामं इतकी होती की दोघींना रविवारही मिळत नव्हता, आणि तरी मार्चचा पगार समताला करिष्माला दोन हप्त्यांत द्यावा लागला होता. पैसा जातो कुठे ते कळेना. तेव्हा समतानं एक वही सुरू केली. रोज कोणत्या कामाला किती वेळ गेला ते दोघींनी लिहायचं, काय केलं तेही लिहायचं. भाडं, वीज, पेट्रोल, करिष्माचा पगार आणि तिचा स्वतःचा घरखर्च धरून तिनं हिशेब केला, तर ऑफिसचा एक तास दोनशे रुपयांना पडत होता.

चारशे बारा तास एकट्या वामनरावांच्या कामाचे होते. वामनराव डोणगावचे मोठे शेतकरी. गावाबाहेर हायवेला लागून ते मंगल कार्यालय बांधत होते. समताला मिळालेलं ते आजवरचं सगळ्यात मोठं काम. नव्वद हजार ठोक ठरले होते. त्यातले पंचवीस अकोल्याच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला गेले. उरलेल्या पासष्ट हजारांत सव्वातीनशे तास बसत होते. ते कधीच संपले होते, आणि अजून साठेक तासांचं काम बाकी होतं.

"म्हंजे एकोणतीस-तीस हजारांचा खड्डा," समता म्हणाली आणि पुन्हा खिडकीशी गेली.

शुक्रवारी काँक्रीट ओतून छताचा स्लॅब पडणार होता. स्लॅब पडला की मालकाला नकाशावालीची गरज उरत नाही, हे ती दोन-तीन कामांत शिकली होती. वाढीव पैसे मागायचे असतील तर आजच मागायला हवे होते.

"वाढीव तास बाजूले काढ," ती म्हणाली. "त्याईनं कितीदा काय बदललं, ते सगळं."

करिष्मानं वही चाळत वाचायला सुरुवात केली. स्टेज पश्चिमेकडून पूर्वेला नेला, त्याचे एकतीस तास. स्वयंपाकघर वाढवलं, सव्वीस. नवरीच्या खोलीला बाथरूम जोडलं, अठरा. पार्किंग मागून पुढे आणलं, बारा. गेटवर कमान, नऊ. सगळे मिळून शहाण्णव झाले.

"आनखी?"

करिष्मानं पान उलटलं. "आनखी अठ्ठावन्न आहेत. पन ते त्याईनं नाही सांगतलेले."

"मंग कोनं सांगतले?"

करिष्मानं वही तिच्याकडे फिरवली. तिच्या गोल अक्षरात पानापानावर तेच होतं. 'ताईंनी परत तपासायला सांगितलं.' 'तोच नकाशा परत काढला.' 'कॉलमची मापं तिसऱ्यांदा मोजली, बरोबरच होती.'

समता भडकली. "हे असं काऊन लिव्हलं तू?"

"तुमीच म्हटलं होतं, जे केलं ते लिव्हायचं."

समतानं वही मिटली आणि स्वतःच कॉम्प्युटरवर बसून बिल टाईप केलं. 'नकाशातील बदल व फेरतपासणी, १५४ तास, रु. ३०,८००.' खाली तपशील दिला. फेरतपासणीची ओळ तिनं मुद्दाम बदलांच्या मधोमध घातली. करिष्मानं प्रिंट काढून दिली. समतानं तिच्याकडे बघितलं नाही. कागद पिशवीत घालून ती गाडीला किल्ली लावायला खाली उतरली.

डोणगावपर्यंतच्या रस्त्यात ती बोलायची वाक्यं मनात जुळवत होती आणि मोडत होती. दोनदा तिला गाडी वळवावीशी वाटली. ट्रक मागून हॉर्न देत होते, तर आपण रस्त्याच्या मध्ये आलोय हेही तिच्या उशिरा लक्षात आलं.

साइटवर स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं सेंट्रिंग पूर्ण झालं होतं आणि वर लोखंड बांधणं चालू होतं. पत्र्याच्या शेडमध्ये वामनराव खुर्ची टाकून बसले होते. शेजारी त्यांची सून पुष्पांजली फाईल घेऊन बसली होती. कार्यालय पुढे तीच चालवणार होती. सिमेंट, लोखंड, मजुरी, सगळी बिलं तिच्या हातून जात.

"या मॅडम," वामनराव म्हणाले. "लोखंड पाहाले आल्या का?"

"ते पाहीनच काका. पन आधी हे."

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "आपलं तं ठोक ठरलं होतं ना?"

"ठोक ठरलं ते पहिल्या नकाशाचं. त्यानंतर स्टेजची जागा बदलली, स्वयंपाकघर वाढलं, बाथरूम आलं. प्रत्येक वेळी सगळे नकाशे नव्यानं काढा लागले."

"थोडंसंच तं बदललं. एखादी भिंत इकडची तिकडं."

"एक भिंत सरकली का तिच्याखालचा बीम सरकते, काका. अकोल्याले पुन्हा पाठवा लागते."

वामनरावांनी कागद सुनेकडे दिला. पुष्पांजलीनं मोबाईल काढला आणि जुने मेसेज वर सरकवत एकेक ओळ ताडून पाहायला लागली. समता उभीच होती. बसा म्हटलेलं तिनं ऐकलंच नव्हतं. पायाखालची एक सळई ती बोटानं मागेपुढे लोटत होती.

"स्टेज मामाजींनी सांगतला, ऑगस्टमधी," पुष्पांजली म्हणाली. "स्वयंपाकघर माह्यं. बाथरूम बी माह्यंच. पार्किंग आन् कमान मामाजींची. हे सगळं बरोबर आहे." मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "पन ताई, फेरतपासणी अठ्ठावन्न तास, म्हंजे काय? आमी तं कधी पुन्हा तपासा म्हटलं नाही."

"ते टेक्निकल..." समता म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तयार होतं. स्ट्रक्चरच्या कामात ते करावंच लागतं, असं म्हटलं असतं तर या दोघांना ते खोटं ठरवता आलं नसतं. पण पुष्पांजली संशयानं बघत नव्हती. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं.

"ते तुमचे नाहीत," समता म्हणाली. "ते माह्ये आहेत. कोनी सांगतलं नव्हतं. भीतीनं केलं."

"भीती कायची?" वामनरावांनी विचारलं.

वर लोखंड कापायचं मशीन चालू झालं. ते थांबायची वाट बघताना तिला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"पहिल्या दिवशी तुमी मले आडनाव इचारलं, काका. मंग गाव इचारलं. मंग गावात घर कोन्त्या बाजूले, ते इचारलं. मी सांगतलं, बुद्धविहाराच्या बाजूले. तुमी थोडा वेळ बोलले नाही. मंग काम देलं, ते मी नाकारत नाही. पन त्या दिवसापासून तुमचा एकेक नकाशा मी तीन-तीनदा तपासून राह्यली. दुसऱ्याचं चुकलं तं लोक म्हनतात, इंजिनियर चुकला. माह्यं चुकलं तं काय म्हनतील, ते तुमाले बी मालूम आहे."

वामनरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"मी तसंच इचारलं होतं," ते म्हणाले. "इचारतोच आपून सगळ्याईले."

"हाव. सगळेच इचारतात."

त्यांनी मान फिरवून बांधकामाकडे पाहिलं. पुष्पांजलीनं नजर खाली वळवली. समतानं पेन काढलं, कागद तिच्या मांडीवरून उचलला आणि फेरतपासणीच्या ओळीवर रेघ मारली. खाली नवीन आकडा लिहिला, एकोणीस हजार दोनशे.

"पंधरा करा," वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, भाव करतानाचा.

"नाही काका. पंधरा म्हंजे ऑफिसातल्या पोरीचे एकवीस तास मी फुकटात धरले, असं होते. माह्या भीतीचे मी सोडले. तिचे नाही सोडनार."

"मामाजी, सेंट्रिंगवाल्याले आपून जादाचे देले ना," पुष्पांजली म्हणाली. "त्यानं तं कागद बी नव्हता देल्ला."

वामनराव उठले. "दे मंग," एवढंच म्हणाले आणि काठी टेकत लोखंडाच्या ढिगाकडे चालू लागले. पुष्पांजलीनं तिथेच मोबाईलवरून नऊ हजार सहाशे पाठवले आणि उरलेले स्लॅबनंतर देते म्हणाली. मग हळूच विचारलं, "पुढं काही बदलाचं असलं तं आधीच सांगसान का, किती लागतील?"

"सांगीन. लिहून देईन."

समता शिडीनं वर चढली. लोखंड पाहताना दोन बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगा लांब-लांब बांधलेल्या दिसल्या, त्या तिनं मिस्त्रीकडून सोडवून जवळ घ्यायला लावल्या. बाकी ठीक होतं. खाली उतरताना पुन्हा एकदा चक्कर मारावीशी वाटली. ती शिडीवर मध्येच थांबली, आणि मग उतरली.

परतीच्या वाटेवर तिनं गाडी बाजूला लावली आणि पाच-सात मिनिटं नुसती उभी राहिली. आनंद वाटायला हवा होता, तो वाटत नव्हता. वामनराव चार ठिकाणी उठणार-बसणार. ते काय बोलतील, कोणत्या शब्दांत बोलतील, आणि त्याची किंमत कोणत्या वहीत लिहायची, हे तिला उमगत नव्हतं. बोलले नसते तर बरं झालं असतं का, हेही तिनं स्वतःला विचारलं. उत्तर 'नाही' असंच येत होतं.

ऑफिसात पोचल्यावर तिनं करिष्मापुढे रेघ मारलेलं बिल ठेवलं. करिष्मानं ते वाचलं.

"तुमी स्वतःच काटलं?"

"हाव. आन् सकाळी तुह्यावर भडकली, ते चुकलं माह्यं."

करिष्मानं मान हलवली आणि बिल फाईलला लावलं.

शुक्रवारी स्लॅब पडला. सकाळी मिक्सर सुरू होण्याआधी वामनराव तिच्याजवळ आले. पूर्वी ते तिला गावच्या गोष्टी सांगत, त्या दिवशी सांगितल्या नाहीत.

"पाहून झालं का मॅडम?"

"झालं काका. बरोबर आहे."

"किती डाव पाह्यलं?"

टोमणा आहे की विचारणा, ते तिला कळलं नाही. "एकच डाव," ती म्हणाली.

ते मिस्त्रीला हाक मारून म्हणाले, "टाका रे."

दुपारपर्यंत काँक्रीटचा माल पडत राहिला आणि दुपारपर्यंत समता साइटवर फिरत राहिली. ठरल्याप्रमाणे पुष्पांजलीनं संध्याकाळी उरलेले पैसे पाठवले. पुढे महिन्याभरानं वामनरावांनी कमान दुमजली करायची काढली. समतानं अकरा तास, बावीसशे रुपये, असं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुष्पांजलीचा निरोप आला, राहू द्या म्हणे, आहे तेवढीच चांगली.

काम संपलं तेव्हा एकूण तास चारशे त्रेसष्ट झाले होते. करिष्मानं सगळं मांडलं. आठ हजार चारशेंचा तोटा निघाला.

"एवढं करून तोटाच," ती म्हणाली.

"असू दे. पुढच्या कामात आधी मोजू."

पुढचं काम मात्र लवकर आलं नाही. साखरखेर्ड्याच्या हरिओम नावाच्या औषध दुकानदाराचा फोन आला. खाली दुकान आणि वर घर बांधायचं होतं. समतानं अठ्ठेचाळीस हजार सांगितले. दोन बदल त्यात धरलेले, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे. दुसरा माणूस तीसमध्ये करून देतो, असं तो म्हणाला. समता फोन कानाला लावून उभी होती. चाळीस म्हणावं, असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्यानंच विचार करून सांगतो म्हणून फोन ठेवला. त्याचा फोन पुन्हा आला नाही.

त्यानंतरचे अकरा दिवस ऑफिसात जुन्या फायली लावण्यापलीकडे काम नव्हतं. समता रोज दोन-चारदा त्याचा नंबर काढायची आणि फोन परत टेबलावर पालथा ठेवायची.

बाराव्या दिवशी कोकिळाबाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मेहकरच्याच. त्यांना दोन खोल्यांचं घर पाडून नवीन बांधायचं होतं. समतानं आकडा सांगितला आणि नकार ऐकायची तयारी करून बसली. कोकिळाबाईंनी पर्समधून कागद काढला. "यात काय काय येते, ते एक-एक सांगा. मी लिहून घेतो."

समतानं सांगितलं. तासभर लागला. शेवटी बाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "माप घ्याले कधी येता?"

"उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या तिघी प्लॉटवर होत्या. कोकिळाबाईंनी पदर खोचला, टेपचं एक टोक स्वतः हातात धरलं आणि कुंपणापर्यंत चालत गेल्या. करिष्मा आकडे लिहीत होती. समतानं टेप ताणला आणि पहिलं माप मोठ्यानं वाचलं.