चुन्याची रेघ

शिदूने तिसरी काटकी पाण्याच्या कडेला खोचली आणि तो मागे सरला. पहिल्या दोन केव्हाच वाहून गेल्या होत्या. ओढ्याला पूर आला की काठावर काटकी रोवायची आणि विडी संपेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. पाणी चढतंय की उतरतंय ते तेवढ्यात कळतं. ही त्याच्या आज्याची रीत. आज इरल्याखाली पेटवलेली विडी चार झुरके जळली असेल नसेल, काटकी थरथरली, वाकली आणि गेली.

मागे त्याची सून चिंगी कण्हली. तिला घोंगडीच्या झोळीत निजवून झोळी वेळूला बांधली होती. पुढे तिचा नवरा, म्हणजे शिदूचा मुलगा सावळा, आणि मागे वाडीतला जानू, असे दोघे वेळू खांद्यावर घेऊन नव्या पुलाच्या तोंडाशी थांबले होते. शिदूची बायको येसू सुनेच्या पोटावर हात ठेवून उभी होती. वाडीतली निम्मी पोरं त्या हातांनी जगात आणली होती. पहाटेपासून तिची खटपट चालली होती आणि शेवटी तिनेच हात टेकले होते.

“पोर आडवं हाय. ह्ये माज्या हातचं न्हाई. हिला पल्याड न्या.”

पल्याड गाव होतं. गावात शालूबाई नर्स होती, आणि सडकेला लागलं की लोणावळ्याचा दवाखाना. अल्याड ठाकरवाडीची अठरा घरं आणि त्यांच्या पाठीशी डोंगर. मधे हा ओढा, श्रावणातला, तांबडा आणि माजलेला.

“बा, पानी पुलाला लागाया आलंय,” सावळा म्हणाला. “जाऊ का?”

सगळे शिदूकडे बघत राहिले. पाण्याचं काय ते शिदूला विचारायचं, ही वाडीची सवयच होती. शिदूने वाहून गेलेल्या काटकीच्या जागेकडे पाहिलं.

चार पिढ्या या ओढ्यावरचा साकव त्याच्या घराण्याकडे होता. दसरा झाला की जांभळीचे सोट आडवे टाकून, रानवेलींनी आवळून साकव बांधायचा आणि मृग लागायच्या आत सोडवून सोट वळचणीला आणून टाकायचे. नाही सोडवला तर ओढा नेणारच. मग चार महिने वाडी अल्याडची अल्याड. अशाच एका भादव्यात त्यांची पहिली मुलगी, हिरी, ओढा उतरायची वाट बघता बघता तापाने गेली होती. त्याला तीस वर्षं झाली. शिदू आणि येसू त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

पण साकवाला मानही मोठा होता. वाडीत नवी नवरी आली की ती आधी शिदूच्या हातात नारळ ठेवायची, शिदू “जा” म्हणायचा आणि मगच तिने साकवावर पाय टाकायचा. तेवढ्या वेळापुरता शिदू गावच्या पाटलाहून मोठा असायचा. माणसाला एवढीशी ऐट मिळाली तरी ती सोडवत नाही, मग बाकीचं आयुष्य चिखलात का जाईना.

अन् यंदाच्या चैत्रात ओव्हरसियर साहेब आला. पक्का पूल मंजूर झाला होता. सिमेंट सरकारचं, दगड आणि घाम लोकांचा. पानशेत फुटून तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि पाण्याच्या गोष्टी साहेब लोक म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायला शिकले होते.

“आबा, जास्तीत जास्त पाणी कुठवर चढतं?” साहेबाने विचारलं.

उत्तर अगदी सोपं होतं. काठावर साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा, शेंदूर फासलेला दगड होता, तिथवर. त्याच्या वर पाणी शिदूने पाहिलं नव्हतं, त्याच्या बापानेही पाहिलं नव्हतं. पण बोट दाखवायला शिदूचा हात उठला, तो दगडावरून पुढे सरकून शेजारच्या उंबराच्या बेचक्यावर जाऊन थांबला. दगडाहून पुरते दोन हात उंच. एवढ्या उंचीचा पूल कोण बांधतोय, साहेब वही मिटेल आणि आल्या वाटेने जाईल, असा त्याचा होरा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबाने उंबरावर चुन्याची रेघ मारली, तीही बेचक्याच्या आणखी हातभर वर. “स्लॅब या रेघेच्या वर,” एवढं बोलून तो निघून गेला. सरकारी माणूस, करील ते वाढवूनच करायचा, असं शिदूने मनाशी म्हटलं.

आणि मग दगड वाहणं सुरू झालं. सगळा वैशाख वाडी डोंगरातून दगड उतरवत होती. खांब वर वर चालले तशा माना मोडायला आल्या. चिंगीला सहावा महिना लागला होता म्हणून येसूने तिला बसवलं आणि तिच्या वाटचे दगडही आपल्याच डोक्यावर घेतले. पल्याडहून श्रमदानाला येणारा दत्तोबा हसून म्हणायचा, “शिदू, पूल ओढ्यावर बांधतोस का ढगावर?” शिदू पुढचा दगड उचलायला वळायचा. चोराच्या मनात चांदणं. कोणी मान चोळत खाली टेकलं तरी त्याला वाटे, हा माझ्याकडेच बघतोय.

पूल झाला तेव्हा दत्तोबाने मानाचा नारळ त्याच्याच हातून फोडवला. त्याने फोडला आणि पायात काटा गेलाय असं सांगून तसाच मागे फिरला. तो काटा दोन महिने निघाला नव्हता. पुलावर त्याने अजून पाऊल टाकलं नव्हतं.

आता आसरांचा दगड दिसतही नव्हता. शिदूने उंबराकडे पाहिलं. बेचकंही बुडालं होतं. चुन्याची रेघ पाण्यावर फक्त वीतभर उरली होती. साहेबाने त्याच्या शब्दावर बेचक्याबरोबर पूल बांधला असता, तर आत्ता स्लॅबवरून पाणी चाललं असतं.

चिंगी पुन्हा कण्हली. शिदूने चौथी काटकी खोचली आणि विझलेली विडी तशीच दातात धरून तिच्यापुढे उकिडवा बसला. काटकी थरथरली. पाणी तिच्या बुडाला चाटून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. काटकी उभी होती. थोड्या वेळाने तिच्या बुडाशी बोटभर चिखल उघडा पडला.

“जावा!” शिदू ओरडला. “मधी थांबू नगा!”

झोळी पुलावर चढली. येसू तिच्याबरोबर चालू लागली. पलीकडून दत्तोबा आणि चारपाच जण धावत आले, त्यांनी वेळूला खांदे दिले, कोणी शालूबाईला हाक मारायला पळालं. पूल हलला नाही. खालून एक उन्मळलेलं झाड गेलं, त्याच्या फांद्या स्लॅबला खालून खरवडत गेल्या, तरी हलला नाही. दत्तोबाच्या छकड्यात चिंगी, सावळा आणि शालूबाई एवढेच मावले, येसू मागे राहिली. छकडा सडकेच्या वळणाआड गेला तेव्हा शिदूच्या लक्षात आलं की आपण चिखलात फतकल मारून बसलो आहोत.

“शिदू!” दत्तोबाने पलीकडून हात उंचावला. “तुज्या शब्दानं राखलं रं बाबा!”

शिदूने ऐकलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावळा पुलावरून पळतच आला. “बा! आये! पोरगी झाली! दोगी बी बऱ्या हायत!”

शिदूचा जीव भांड्यात पडला. तो हसला, मग त्याला रडू आलं, मग पुन्हा हसला.  येसूने पदराने तोंड पुसलं, नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि सावळाच्या मागे निघाली. शिदूही निघाला. पुलाच्या तोंडाशी आल्यावर त्याचे पाय थबकले. सावळा पुढे निघून गेला.

“काटा हाय न्हवं पायात?” येसूने मागे वळून विचारलं.

“काटा न्हाई, येसू.” त्याने एकदाचं बोलून टाकलं. “म्या सायबाला खोटं सांगितलं हुतं. पानी बेचक्याला कदी लागलंच न्हवतं. वाटलं, पूल हुयाचा न्हाई. समद्यांस्नी उगा दगुड वाहाया लावलं म्या.”

“ठावं हाय मला.”

“ठावं हाय?”

“तितंच उभी हुते की मी. तुमी घरला गेल्यावर सायबानं इचारलं, मावशी, म्हातारा बरुबर सांगतोय का?”

“मंग?”

“म्या म्हनलं, कमीच सांगतोय. आनखी हातभर वर धरा.”

शिदूने उंबराकडे पाहिलं. ओढा उतरला होता. पुराने आणलेला काडीकचरा खोडाला अडकून राहिला होता, बेचक्याच्या वर आणि चुन्याच्या रेघेच्या खाली.

“आन् दगुड? समद्यात जास्त तर तूच वाह्यलेस.”

“वाह्यले.” येसूने भाकरींचं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. “हिरीच्या येळला मला कुनी काय इचारलं न्हवतं. औंदा इचारलं. खोटं बोलायचंच, तर मानसानं पुरतं बोलावं. चला आता, पोरगी बघायचीय.”

“थांब जरा,” शिदू म्हणाला आणि उलटा वाडीकडे गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात देवापुढचा नारळ होता. पुलाच्या अल्याडच्या टोकाशी उभं राहून त्याने तो येसूच्या हातात ठेवला आणि वहाणा काढून तो वाट बघत राहिला.

येसूने नारळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला हसू आवरेना.

“जावा,” ती म्हणाली.