तेजस्वीची गाईड

तेजस्वी गायकर आणि अक्षदा मोहिते यांची पहिली भेट अंबरनाथच्या एका तरणतलावात झाली, डोक्यावर डोकं आपटून. चूक तेजस्वीची होती. पोहता पोहता ती शेजारच्या लेनमध्ये शिरली होती. अक्षदा कपाळ धरून ओरडली, "ए, दिसत नाही काय?"

"नाही," तेजस्वी म्हणाली.

अक्षदाला आधी तो उद्धटपणाच वाटला. मग तेजस्वीला शिकवणारे आनंदा सर काठावरून धावत आले आणि तिला खरं काय ते कळलं. पंधराव्या वर्षापासून तेजस्वीची नजर कडेकडेने जात गेली होती, आणि एकोणिसाव्या वर्षी उजेड आणि काळोख एवढाच फरक उरला होता. बेलवलीच्या घरी आई सखू तिला अंगणाबाहेर एकटी सोडत नसे. आनंदा सर बदलापूरच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांनीच हट्टाने तिला पाण्यात उतरवलं होतं.

त्या दिवशी अक्षदा तासभर तिच्या शेजारून पोहली, तिला सरळ रेषेत ठेवत. दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता पुन्हा आली. वर्षभराने दोघी ट्रायथलॉनला उतरल्या. साडेसातशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, आणि तशाच ओल्या अंगाने पाच किलोमीटर पळायचं. आंधळ्या बाईला गाईड लागते, आणि तीही बाईच. पाण्यात आणि पळताना दोघींना एक छोटी दोरी जोडून ठेवते. सायकल दोन सीटची, पुढे गाईड, मागे खेळाडू. गाईड थांबली की खेळाडूची शर्यतही तिथेच संपते.

अक्षदा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आई बनूबाईबरोबर राहायची आणि खालच्याच गल्लीत जीन्सच्या कारखान्यात खिसे जोडायच्या मशीनवर बसायची. कॉलेजात असताना ती चांगली पळायची, पण वडील गेले आणि ते तिथंच राहिलं. तेजस्वीमुळे तिला ते परत मिळालं. पहाटे शेअर रिक्षा बदलत ती बदलापूरला यायची, दोघी सायकल काढून जांभूळ गावच्या रस्त्याला लागायच्या, आणि अक्षदाचं तोंड सुरू व्हायचं. "डावीकडे खड्डा. म्हैस उभी आहे, आपल्याकडेच बघतेय. आता पाणी केंद्राचा गतिरोधक, उचल. समोर धुकं आहे यार, मलापण काही दिसत नाही, सेम टू सेम."

तेजस्वी हसून हसून पेडल सोडायची. सहा वर्षं तिने जग अक्षदाच्या आवाजातून पाहिलं. देशात त्या दोघी पहिल्या आल्या. मग आशियात तिसऱ्या. मग पॅरालिम्पिकच्या क्रमवारीत नाव चढायला लागलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

एके दिवशी सराव संपल्यावर आनंदा सरांनी तेजस्वीला बाजूला घेतलं. "पळताना तू तिच्यासाठी थांबतेस," ते म्हणाले. "तुला कळतंय ना?"

तिला कळत होतं. चार महिन्यांपासून दोरी पुढून नाही, मागून ताणली जात होती. अक्षदा एकोणतिशीला आली होती, आठ तास मशीनवर बसत होती. तेजस्वी पंचविशीची होती आणि दिवसभर दुसरं काहीच करत नव्हती.

"पुण्याची एक मुलगी तयार आहे. जिज्ञासा. तुझ्यापेक्षा दोन मिनिटं पुढे आहे पळण्यात. अक्षदाशी तू बोलतेस की मी बोलू?"

तेजस्वीने बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "तुम्हीच बोला, सर."

संध्याकाळी अक्षदाचा फोन आला. मोबाइलने तिचं नाव मोठ्याने उच्चारलं. तेजस्वीने तो वाजू दिला. तो तीनदा वाजला, आणि नंतर कधीच नाही.

सखूने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "सहा वरसं ती पोरगी तुझे डोले झाली," ती म्हणाली. "फोन तरी उचलाचा व्हता गो."

जिज्ञासा कमी बोलायची. "लेफ्ट. राइट. क्लाइंब. दोनशे मीटर." वेळ मात्र झपाट्याने सुधारला. पहिल्याच परदेशी शर्यतीत दोघी चौथ्या आल्या. बेलवलीत फटाके वाजले, दारात फलक लागला. बाप हरिचंद्र गावभर पेढे वाटत फिरला. तेजस्वीने फलकावर काय लिहिलंय ते विचारलं, तर शेजारच्या बाईने नुसतं वाचून दाखवलं. अक्षदा असती तर फोटोत दात कसे आलेत तेही सांगितलं असतं.

दहा महिन्यांनी, पात्रतेच्या शेवटच्या शर्यतीला पाच आठवडे उरले असताना, जिज्ञासाची स्वतःची भारतीय संघात निवड झाली. शिबिर त्याच तारखांना होतं. ती रडली, माफी मागितली आणि गेली. तिची तरी काय चूक? आनंदा सरांनी देशभर फोन केले. इतक्या वेगाने पळणाऱ्या आणि पोहणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत किती, आणि दुसऱ्या कुणासाठी पळायला तयार असणाऱ्या किती? पाच दिवसांनी सरांनी फोन करणं सोडलं.

सहाव्या दिवशी तेजस्वी आईला घेऊन कॅम्प तीनला गेली. "मी येतंय," सखू म्हणाली, "पन बोलाचं तुलाच." कारखान्यात दहा-बारा मशीन एकदम चालू होत्या. तेजस्वी दारात उभी राहिली. एक मशीन थांबली.

"बस," अक्षदाचा आवाज आला. "उजव्या हाताला स्टूल आहे."

तेजस्वी ठरवून आणलेलं सगळं विसरली. "माझं चुकलं," एवढंच तिला म्हणता आलं.

"जिज्ञासा गेली ना? आनंदा सरांनी ग्रुपवर टाकलेलं." अक्षदाने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "तेजू, मी दहा महिने पळाले नाही. एक दिवसही नाही. वजन वाढलंय."

"पहिल्या पाचात यायचंय फक्त. पोहणं आणि सायकल आपण काढू. पळताना तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं?"

"तू म्हणशील तसं."

अक्षदाने धागा तोडला. "साईं, महिनाभर सुट्टी पाहिजे," ती आत बघून ओरडली. शेठ कायतरी सिंधीत पुटपुटला. बनूबाईला हे अजिबात पसंत नव्हतं. "गरजेपुरती आठवण येते त्यांना तुझी," ती तेजस्वीच्या देखत म्हणाली. तरी अक्षदा दुसऱ्या पहाटे बदलापूरला हजर झाली.

उरलेले चार आठवडे ती जिवाच्या आकांताने पळाली. जुनं काही तिने काढलं नाही. पहिले काही दिवस तिचा आवाज कोरडा होता, मग एका सकाळी जांभूळच्या रस्त्यावर ती म्हणाली, "तीच म्हैस. म्हातारी झालीय, तुझ्यासारखीच वाकडी बघते," आणि तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं.

शर्यत परदेशातल्या एका समुद्रकाठच्या शहरात होती, भर उन्हाळ्यात. सकाळी नऊलाच डांबर तापलं होतं. पोहून निघाल्या तेव्हा दोघी सातव्या होत्या. सायकलवर अक्षदाने कमाल केली. तिचे पाय, तिची वळणं, कुठे जोर लावायचा आणि कुठे सोडायचा याची तिची जाण; तेजस्वीला वाटलं, ही सायकल आपण कधी सोडलीच नव्हती. वीस किलोमीटर त्यांनी आयुष्यातल्या सगळ्यात कमी वेळात काढले आणि सहाव्या नंबरवर पळायला सुरुवात केली.

"पुढची जोडी ऐंशी मीटरवर," अक्षदा म्हणाली. "पिवळी टोपी. दमलीय ती. मिळेल आपल्याला."

पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्यात अक्षदाचा श्वास फाटायला लागला. पाण्याच्या टेबलावर तिने ग्लास तेजस्वीच्या डोक्यावर ओतला, स्वतः प्यायली की नाही ते तेजस्वीला कळलं नाही. तिसऱ्या किलोमीटरला पुढच्या गाईडचा आवाज ऐकू यायला लागला. परक्या भाषेत ती काहीतरी मोजत होती. अंतर तीस मीटर असेल, फार तर चाळीस.

तेव्हाच अक्षदा म्हणाली, "गतिरोधक आला. पाणी केंद्राचा. उचल."

तेजस्वीने सवयीने पाय उचलला. खाली सपाट रस्ता होता.

ती अडखळली. "अक्षदा?"

"म्हैस बाजूला झाली," अक्षदा म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "चल. चल तू. घरी बनू वाट बघते."

आईला ती कधी बनू म्हणत नसे. तेजस्वीला सगळं कळलं. डोळे असलेल्या माणसाला जेवढं कळलं असतं तेवढंच, कदाचित जास्तच. दोरी डावी-उजवीकडे भेलकांडत होती, अक्षदाची पावलं घासत होती. थांबायला हवं होतं. आणि पुढे ती दुसरी बाई मोजत होती, आवाज दर पावलाला जवळ येत होता. पाचवा नंबर तिथे होता, हात लांब केला तर लागेल इतका.

"थोडंच राहिलंय," तेजस्वी म्हणाली. "ये माझ्याबरोबर. ये."

ती आणखी चारशे मीटर पळाली. अक्षदा तिच्या बाजूने आली, कशी आली देव जाणे. मग दोरीला एक जोराचा हिसका बसला आणि तेजस्वी तिच्या अंगावरच पडली. अक्षदाची कातडी तव्यासारखी तापलेली होती. कोरडी.

माणसं धावत आली. बर्फ, बर्फ असं काहीसं ओरडत होती. कुणीतरी दोरी कापली. तेजस्वी रस्त्यावर बसून राहिली. तिला कुठल्या बाजूला जायचं ते सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

अक्षदा तीन आठवडे तिथल्या दवाखान्यात होती. मूत्रपिंडं सावरली. उष्माघाताने मेंदूला झालेली इजा भरून येणार नाही, असं इथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. तिचा तोल जातो, हात थरथरतात. मशीनवर बसणं आता होणार नाही. बोलणं मोडकं झालंय, आणि नवीन गोष्ट डोक्यात दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. जुनं सगळं आठवतं.

आनंदा सर दोन महिन्यांनी घरी आले. नाशिकच्या एका मुलीचं नाव त्यांनी सुचवलं. "नको, सर," तेजस्वी म्हणाली. "पुन्हा विचारू नका." सायकल ज्या मंडळाने दिली होती त्यांनी ती परत नेली. हरिचंद्रने फलक उतरवला.

मग एका दुपारी तेजस्वी कॅम्प तीनला गेली. बनूबाईने दार उघडलं आणि पाणी दिलं.

"मावशी, मला कळलं होतं," तेजस्वी म्हणाली. "ती बरळत होती ते मला ऐकू येत होतं. तरी मी थांबले नाही."

पेला भांड्यांत ठेवल्याचा आवाज आला. "मला नको सांगू," बनूबाई म्हणाली. "तिला सांग."

अक्षदा खिडकीजवळ बसली होती. तेजस्वी तिच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं: गतिरोधक, म्हैस, बनू, चारशे मीटर. काही लपवलं नाही. अक्षदाने ऐकून घेतलं. तिचा थरथरता हात तेजस्वीच्या केसांवर आला.

"असू... दे गं," ती म्हणाली. "मीपण... थांबले नसते."

तेजस्वी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तेवढी दहा मिनिटं तिला छाती हलकी वाटली. बनूबाईने चहा आणला. दोघी प्यायल्या.

"तेजू," अक्षदा एकदम म्हणाली, "आपण का... थांबलो गं त्या दिवशी? पिवळी टोपी... दिसत होती मला. मिळाली असती."

बनूबाई दारातच उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. तेजस्वीने तोंड उघडलं. पुन्हा सगळं सांगायचं, पुन्हा तो हात केसांवर यायचा, आणि चहा संपेपर्यंत पुन्हा पुसलं जायचं.

"ऊन फार होतं," ती म्हणाली. "मी दमले होते."

"हं," अक्षदा समाधानाने म्हणाली. "मला वाटलं... माझ्यामुळे."

बनूबाई आत निघून गेली. तेजस्वी दर मंगळवारी जाते. अक्षदा दर मंगळवारी विचारते, आणि ती दर वेळी तेच उत्तर देते.